एक टोप सोलकढी

ती केस मी अजून विसरलेलो नाही. निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. मोठमोठ्या गुन्ह्यांतली नावे डोक्यातून निसटू लागली आहेत, पण कुणी पुढ्यात सोलकढीची वाटी ठेवली की त्या आठवड्यातला एकेक दिवस समोर उभा राहतो. नावे मी इथे लिहिणार नाही. त्या दोन्ही घरांतली माणसे आजही पनवेलच्या बाजारात भेटतात, थांबून चौकशी करतात, आणि त्यांचे ते थांबणे मला गमवायचे नाही.

मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्याकडे ताक. पनवेल भागात बदली होईपर्यंत सोलकढी नावाचा प्रकार मी तोंडात घेतला नव्हता. पहिल्यांदा समोर आली तेव्हा खोकल्याचे औषध समजून नाक मुरडले होते. पुढे अशी चटक लागली की बायको म्हणायची, "तुम्हाला या गावात खात्यानं नाही, कोकमानं धरून ठेवलंय." हे सांगतो एवढ्यासाठी की या केसमध्ये मी किती चुकलो हे वाचकांना कळेल. आवडीच्या पदार्थाबद्दल माणसाला वाटते की आपल्याला त्यातले सगळे कळते.

आमच्या ठाण्याच्या हद्दीत पुढे नव्या सोसायट्या, मागे जुनी गावे. गावातली मंडळी मूळची शेतीवाडी आणि मिठागरे करणारी. जमिनी गेल्या, बंगले झाले, पण हळद मात्र पूर्वीसारखीच दणक्यात. मे महिन्यात लग्नसराई असली की आमचा अर्धा स्टाफ लाउडस्पीकर आणि ट्रॅफिक यातच अडकलेला. त्या मंगळवारी सकाळची हजेरी चालू होती, तेवढ्यात हॉस्पिटलमधून फोन आला. एमएलसी आहे, म्हणजे पोलिसांना कळवावे लागते असे वैद्यकीय प्रकरण. मी विचारले, "किती जण?" पलीकडचे डॉक्टर म्हणाले, "साहेब, अजून येताहेत."

आदल्या दिवशी एका घरी हळदीचे दुपारचे जेवण झाले होते. पहाटेपासून एकेकाला ताप, उलट्या, जुलाब. दुपारपर्यंत तीन हॉस्पिटलांत मिळून चाळीसएक माणसे झाली. लग्न त्याच दिवशी होते. ते लागले, पण निम्मे वऱ्हाड सलाइनवर, आणि नवरदेव बाशिंग उतरवून सरळ वॉर्डात. सगळ्यांत वाईट अवस्था नवरदेवाच्या भाचीची, चार वर्षांच्या मुलीची होती. ती अतिदक्षता विभागात डोळे मिटून पडलेली. तिला पाहून आल्यावर मला जेवण गेले नाही.

नवरदेवाच्या वडिलांनी फिर्याद दिली की जेवणात कुणीतरी विष मिसळले. गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध नोंदवला. आम्ही घटनास्थळी गेलो तोवर बायकांनी भांडी घासून चकचकीत करून ठेवलेली. नशिबाने नवरदेवाच्या आईने उरलेली सोलकढी दोन बाटल्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवली होती, आणि आजारी पडलेला जवळजवळ प्रत्येक जण सोलकढी प्यायलेला होता. पंचांसमोर दोन्ही बाटल्या सील केल्या. एक विषाच्या तपासणीसाठी रासायनिक प्रयोगशाळेकडे गेली, दुसरी अन्नातले जंतू तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे. तिथल्या मॅडमना मी स्वतः फोन केला. "मॅडम, मला गुरुवारी सकाळी हो की नाही कळलंच पाहिजे." त्या काहीतरी सांगत होत्या. मी म्हटले, "ते नंतर. आधी रिझल्ट."

खबर संध्याकाळी आली. फोनवर पुरुषाचा आवाज, नाव सांगायला तयार नाही. "साहेब, त्या घराची धाकटी सून बघा. दुपारी जेवणाआधी मागल्या दारानं आली व्हती. पदराखालून बाटली काडली आनी कडीच्या टोपात वतली. मी डोल्यान बघितला."

नवरदेवाची आई म्हणजे त्या घरातली थोरली सून. खबरीत आलेली ती तिची धाकटी जाऊ, नवरदेवाची चुलती. दोघींची घरे शेजारी, मध्ये अंगण. सहा वर्षांपूर्वी त्या अंगणात भिंत उभी राहिली आणि बोलणे बंद झाले. भिंत कुणाच्या जागेत येते यावर दोघांचे नवरे भांडले होते, पण अबोला धरला तो बायकांनी. हळदीचे आमंत्रण धाकटीला नव्हते. पोलिसाला आणखी काय पाहिजे? वैर होते, संधी होती, बाटली होती, साक्षीदार होता. मी मनातल्या मनात दोषारोपपत्र लिहायला घेतले.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. तिच्या घरी जाऊन, महिला कर्मचारी सोबत ठेवून विचारावे लागते. म्हणून बुधवारी सकाळी मी आमच्या महिला हवालदारांना घेऊन धाकटीच्या ओट्यावर गेलो. या हवालदार उरणकडच्या, कोळ्यांच्या घरातल्या. नोकरीत माझ्याइतक्याच मुरलेल्या. कमी बोलायच्या, आणि जे बोलायच्या ते मी निम्म्या वेळा ऐकायचो नाही.

धाकटी चाळिशीची, सडपातळ. खांबाला टेकून बसली. ओठ कोरडे, कपाळावर घाम, नजर जमिनीकडे. पाणी मागितले, प्यायली, पुन्हा मागितले. दोनदा "येते" म्हणून आत गेली आणि बराच वेळ आली नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत गुन्हेगाराच्या तोंडाला पडलेली कोरड मी पुष्कळ पाहिली होती. मी आवाज चढवला.

"बाटली घेऊन गेला होतात की नाही?"

ती खांबाला आणखी रेलली.

"साक्षीदार आहे माझ्याकडे. लहान पोर मरायला टेकलंय. बोला."

पोरीचे नाव काढल्यावर तिने वर पाहिले. मी आणखी जोर केला. अर्धा तास गेला. शेवटी ती पुटपुटली, "आगल व्हता. मी नुसता आंबट चडवला."

आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट, आंबट रस. ज्याची सोलकढी होते तोच. मला हसू आले. वैऱ्याच्या घरी चोरून जायचे, आणि कशाला, तर त्यांच्या कढीत कोकम घालायला? मी जबाब लिहून घेतला, 'मी बाटलीतील द्रव पदार्थ टोपात टाकला.'

हवालदार हळूच म्हणाल्या, "साहेब, ती 'चडवला' बोलली. 'टाकला' नाय बोलली."

"दोन्ही एकच."

"एक नाय, साहेब."

मी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिले की त्या गप्प झाल्या. त्या नजरेची मला आजही लाज वाटते.

गुरुवारी सकाळी रासायनिक प्रयोगशाळेने तोंडी कळवले की नेहमीचे कीटकनाशक वा उंदराचे औषध यांपैकी काही आढळत नाही. तासाभराने जंतूंच्या प्रयोगशाळेतूनही कळले, पहिल्या तपासणीत काही उगवले नाही. विष नाही, जंतूही नाही. मग चाळीस माणसे पडली कशाने? दुसरा एखादा शहाणा असता तर थांबला असता. मी ठरवले की बाईने काहीतरी वेगळेच विष घातले आहे, आणि ते काय हे तीच सांगेल.

ठाण्याबाहेर गावकरी जमले होते. वरिष्ठांचा फोन झाला, "आज दिवस मावळायच्या आत अटक दाखवा." गावात तर निकाल लागूनच गेला होता. धाकटीच्या दारावर कुणीतरी शेण फेकले होते, दूधवाल्याने दूध घालायचे बंद केले होते, तिचा नवरा घराबाहेर पडत नव्हता. अटक झाली असती तर पुढे न्यायालयाने सोडले असते तरी 'विष घालणारी' हे नाव त्या गावात तिला जन्मभर पुरले असते. अटकेचे कागद टेबलावर तयार होते. सही तेवढी बाकी होती.

तेवढ्यात जंतूंच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला. "साहेब, मी लेखी रिपोर्ट पाठवलेला नाही. माझंच समाधान झालेलं नाही. तुम्ही इकडे येऊ शकाल का?"

मी वैतागतच तिकडे गेलो. मॅडम पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर, बोलणे शाळेतल्या बाईंसारखे. मला त्यांनी एक काचेची चपटी ताटली दाखवली. लालसर थर, त्यावर काहीच नाही.

"हे तुमच्या घाईचं उत्तर," त्या म्हणाल्या. "मंगळवारी मी फोनवर हेच सांगत होते, तुम्ही ऐकलं नाहीत. या ताटलीत मुद्दाम जहाल द्रव्यं घातलेली असतात, म्हणजे भलतेसलते जंतू उगवू नयेत. धडधाकट जंतू असेल तर तो इथं उगवतो. पण तुमचा नमुना आंबट आहे. आंबटात राहिलेला जंतू मरतोच असं नाही. जखमी होतो. त्या जखमी अवस्थेत त्याला या ताटलीवर टाकलं तर तो उगवत नाही. आणि आपण लिहून मोकळे होतो, जंतू नाही."

"मग करायचं काय?"

"आधी त्याला साधं, सौम्य खाद्य द्यायचं. ऊब द्यायची. दिवसभर त्याच्या वाटेला जायचं नाही. तो स्वतःची डागडुजी करतो, सावरतो. मग या जहाल ताटलीवर आणला की उगवून येतो. मी ते कालच सुरू केलंय, माझ्या समाधानासाठी. पण शनिवारपर्यंत वेळ लागेल."

मी घड्याळ पाहिले. दिवस मावळायला चार तास होते. मी म्हटले, "मॅडम, सोलकढी इतकी आंबट असते. त्यात कुठला जंतू जगायला बसलाय? आमच्याकडं तर आंबट घालतातच मुळी पदार्थ टिकावा म्हणून."

"सगळे असंच म्हणतात. म्हणूनच फसतात." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "मला एक सांगा. ती कढी एकदम आंबट केली होती, की आधी थोडी आणि मग पुन्हा?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"पुष्कळ. नारळाच्या दुधात जंतू आहेत आणि एकदम पूर्ण आंबट पडलं, तर त्यातले बरेच मरतात. पण आधी नावापुरतं आंबट पडलं, आणि मग ते भांडं दोनचार तास उन्हाळ्यात नुसतं राहिलं, तर जंतूंना सवय होते. तोवर ते वाढतातही. मग खरं आंबट घातलं तरी तग धरतात. फ्रीजमध्ये ठेवलं की आणखी टिकतात. पुढं माणसाच्या पोटातलं आम्लसुद्धा त्यांना फारसं रोखू शकत नाही."

हे मला चांगले कळले. पोलीस ट्रेनिंगला पहिल्या दिवशी उस्तादाने मैदानाच्या दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या तर आमच्यातले निम्मे जमिनीवर पडले असते. त्याने पहिल्या दिवशी एकच मारायला लावली. महिन्याने आम्ही दहा मारून वर चहा पीत होतो.

आणि मग कानात तो शब्द वाजला. चडवला. टाकला नाही, चडवला. नसलेली गोष्ट टाकतात. चढवतात ती आधीपासून असलेली. म्हणजे टोपात आंबट आधीच होते, कमी होते, आणि धाकटीने ते वाढवले. मॅडमनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर धाकटीने मला बुधवारीच दिले होते आणि मी ते माझ्या हाताने खोडून दुसरे लिहिले होते.

मी तिथूनच महिला हवालदारांना फोन लावला. त्यांना गावातच ठेवले होते. म्हटले, "तुम्ही म्हणत होता ते बरोबर होतं." त्या म्हणाल्या, "साहेब, आणखी एक बोलू का? बाई काल दोनदा आत गेली ती रडायला नाय गेली. आज सकालपासून सहा वेला गेली. अंगात ताप हाय. ती पन प्यायलीय ती कडी. आपल्याला सांगंना, हॉस्पिटलात जाईना. बोलते, तिथं सगले आपल्याच घरचे पडलेत, कुठल्या तोंडानं जाऊ?"

कोरडे ओठ, घाम, पुन्हा पुन्हा पाणी. ज्याला मी गुन्हा समजलो होतो तो आजार होता. तीन दिवस ती बाई औषधाशिवाय घरात पडून होती, आणि त्यातला अर्धा तास मी तिच्यावर ओरडण्यात घालवला होता.

त्या दिवशी मी अटकेच्या कागदावर सही केली नाही. वरिष्ठांना कळवले की शनिवारपर्यंत थांबतो, जबाबदारी माझी. ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. धाकटीला आमच्या जीपमधून हॉस्पिटलात नेले. वाटेत ठाण्याबाहेरच्या गर्दीला वाटले, उचलली. मी उतरून मोठ्याने सांगितले, "पेशंट आहे. वाट द्या." जागा नव्हती म्हणून तिला त्याच वॉर्डात कॉट मिळाली जिथे तिची सासरची माणसे पडली होती. थोरली आपल्या आजारी नणंदेच्या उशाशी बसली होती. तिने जावेकडे पाहिले, आणि मान दुसरीकडे वळवली.

शुक्रवारी मी गणवेश न घालता गेलो. धाकटीला दोन सलाइन लागून गेली होती, हवालदारांनी घरून आणलेली तांदळाची पेज तिने प्यायली होती. मी स्टूल ओढून बसलो आणि काही विचारले नाही. पाचसात मिनिटांनी ती आपणहून बोलू लागली.

"पोराला मी वाडवलाय, साहेब. माझ्या पोटी काय नाय. त्याची आई मिठागरावर जायची, तो माझ्याकडं असायचा. त्याची हलद, आनी मी भिंतीच्या पलीकडं. ऱ्हावला नाय. मागल्या दारानं गेले. त्याला हलद लागताना बघितला, बस. येताना टोप दिसला. बोटानं चाखली. फिकी. गुलाबी व्हती, पन फिकी. आमच्या घरातली कडी कदी मी चाखल्याबिगर पंगतीला गेली नाय. सा वरसं नाय चाखली. माझ्या पोराच्या हलदीला मानसं फिकी कडी पितील? घरी जाऊन आगलाची बाटली आनली. चडवला. पुन्ना चाखली, वाटीभर प्यायले पन. आनी आले."

"हे बुधवारी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारत व्हता, इष कुठला घातला. कडी कशी व्हती, ता नाय इचारलात."



शनिवारी दुपारी मॅडमनी पुन्हा ताटली दाखवली. तीच लालसर ताटली, आता त्यावर काळे ठिपकेच ठिपके. "उगवले," त्या म्हणाल्या. एवढ्या आनंदाने मी त्यांना तोवर बोलताना ऐकले नव्हते. साल्मोनेला नावाचा जंतू, टायफॉइडच्या भावकीतला. धाकटीच्या आणि इतर रुग्णांच्या नमुन्यांतही तोच. मॅडमनी मला निरोप द्यायच्या आधीच हॉस्पिटलात फोन केला होता. तोवर डॉक्टर विष आहे की आजार या पेचात औषधे चाचपडत होते. जंतूचे नाव कळल्यावर त्यांनी त्या लहान मुलीचे औषध बदलले. रविवारी सकाळी तिचा ताप उतरला आणि तिने पहिल्यांदा काय मागितले, तर आइस्क्रीम. ही बातमी मला हवालदारांनी फोन करून दिली. फोन ठेवला. बायकोने विचारले, "काय झालं?" तेव्हा कळले की डोळे भरून आले आहेत.

आता एकच गोष्ट उरली होती. जंतू नारळाच्या दुधात आले कुठून, आणि पहिले आंबट घातले कुणी? रविवारी दुपारी मॅडमना घेऊन मी थोरलीच्या घरी गेलो. तिला सोमवारची सकाळ सुरुवातीपासून सांगायला लावली. तिने सरळ सांगितले. पहाटे दुसऱ्या दिवसासाठीच्या कोंबड्या साफ झाल्या. त्याच मोठ्या परातीत, पाण्याने विसळून, नंतर किसलेला नारळ काढला. दूध पिळले सकाळी आठला. जेवण एक वाजता.

"आणि आगळ कधी घातलं?" मॅडमनी विचारले.

"थोडा तवाच. सकाली. दूद नासू नये म्हनून. बाकीचा पंगत बसायच्या टायमाला घालायचा व्हता, पन गडबडीत राहून गेला." ती एकदम थांबली. "राहून गेला, तर मंग आंबट कशी झाली?"

मी तिला धाकटीच्या आगळाच्या बाटलीचे सांगितले. मॅडमनी तिला समजावले, फार हळुवार. कोंबडीच्या परातीतून जंतू आले. सकाळच्या थोड्या आंबटाने ते मेले नाहीत, उलट तयार झाले. पाच तास मे महिन्याच्या उकाड्यात वाढले. दुपारी जास्त आंबट पडले तेव्हा ते पचवून बसले. थोरलीचा चेहरा उतरत गेला. शेवटी ती माझ्याकडे वळली.

"साहेब, मंग माझा नाव लिवा. माझ्या नातीला मीच पाजलाय. आनी मी तिला..." तिने भिंतीपलीकडे, जावेच्या घराकडे हात केला.

आदल्या दिवशी घरी सोडलेली धाकटी भिंतीपलीकडे ओट्यावर बसली होती. सगळे ऐकू जात होते. ती उठली, भिंतीला वळसा घालून आली आणि दारात उभी राहिली. अजून अशक्तच होती, चौकट धरून म्हणाली, "हिचा एकलीचा नका लिवू. तिनं टाकला, मी चडवला. दोगींनी मिलून केलाय."

थोरलीने तिला चौकटीपासून ओढून जवळ घेतले. मग दोघी जे रडल्या ते सांगत नाही. मॅडम चष्मा पुसत होत्या. मी अंगणातली भिंत पाहत उभा राहिलो.

मी कुणाचेच नाव लिहिले नाही. न्यायालयात 'क' समरी पाठवली. म्हणजे फिर्याद खोटी नाही आणि गुन्हाही घडलेला नाही, गैरसमजातून नोंद झाली. धाकटीचा जुना जबाब मी रद्द करता येत नाही म्हणून तसाच ठेवला, आणि खाली पुरवणी जबाब जोडला. त्यात तिचा शब्द तिच्याच उच्चारात लिहिला, चडवला. वरिष्ठांनी त्याखाली पेन्सिलने 'शुद्धलेखन' असा शेरा मारला. मी तो तसाच राहू दिला.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी चौकशीची पद्धत बदलली. घाबरलेल्या, आजारी, अपमानित माणसावर आवाज चढवला की तो गप्प होतो, आणि आपण समजतो याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही किंवा हा लपवतो आहे. त्याला पाणी द्यावे, बसू द्यावे, एक दिवस जाऊ द्यावा. सावरला की तो आपणहून बोलतो. हे मला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवले नव्हते, एका लालसर ताटलीने शिकवले. आणि घरी बायकोला शिकवले की आंबटावर विसंबायचे नाही. कोंबडीची भांडी वेगळी, हात स्वच्छ, आणि कढी करायची ती करून लगेच प्यायची. ती म्हणाली, "हे मला आधीपासून माहीत आहे."

महिन्याभराने त्या घरी नव्या सुनेच्या हातचे पहिले जेवण होते. मला, महिला हवालदारांना आणि मॅडमना बोलावणे आले. चार वर्षांची ती मुलगी अंगणभर पळत होती. भिंत होती, पण मधले चार फूट काढून वाट केलेली. सोलकढी आमच्यासमोर केली. मॅडमचे लक्ष परातीकडे, माझे टोपाकडे. थोरलीने आगळ एकदाच, सगळे घातले, ढवळले, आणि पंगतीला वाढायच्या आधी डावभर कढी वाटीत काढून जावेपुढे धरली.

"बघ गो. कमी हाय काय?"

धाकटीने चाखली. जरा वेळ घेतला. मग म्हणाली, "नाय. बरी हाय."

मला विचाराल तर थोडी फिकी होती. मी तीन वाट्या प्यायलो.